नव्या यंत्राची तक्रार आणि नेमके निदान
वर्कस्टेशन लॅपटॉपमधील बिघाड ओळखण्याची पद्धत

भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगडमध्ये सुगी आटोपली की आधारभूत किमतीने धानाची शासकीय खरेदी सुरू होते आणि सहकारी संस्थांच्या खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांच्या रांगा लागतात. २००७-०८ च्या खरीप हंगामात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने राज्याने या खरेदीचे संगणकीकरण केले. सुमारे दीड हजार केंद्रांवर संगणक पोहोचले. धानाचे वजन नोंदवले की शेतकऱ्याच्या नावाचा धनादेश संगणकावरच छापून मिळू लागला.

या व्यवस्थेत केंद्रावरचा संगणक बंद पडणे ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. त्या दिवशी धान घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे पैसे अडतात. शिवाय खेड्यातील केंद्रांवर वीज आणि दूरसंचार जोडणी यांची शाश्वती तेव्हा नव्हती. म्हणूनच इंटरनेट नसतानाही केंद्रावर नोंदी करता याव्यात, अशी सोय ठेवण्यात आली. जिथे जोडणीच नव्हती, तिथली माहिती मोटारसायकलस्वारांमार्फत जोडणी असलेल्या ठिकाणी नेण्यात येत असे. देशभर नावाजल्या गेलेल्या या उपक्रमाच्या यशामागे एक साधा विचार होता : अडचण येणारच, तेव्हा ती आल्यावर काम कसे चालू ठेवायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

आज रायपूरमध्ये संगणकाचा वापर त्याहून कितीतरी गुंतागुंतीच्या कामांसाठी होतो. ‘भुइयां’ प्रणालीद्वारे जमिनीच्या नोंदी संगणकावर आल्या आहेत. १९५६ मध्ये खाणकाम व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय म्हणून सुरू झालेली आणि २००५ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळालेली संस्था येथेच आहे. २०१३ मध्ये राज्य शासनाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप व टॅब्लेट देण्याची योजनाही राबवली. यंत्र हाती देण्याची व्यवस्था देशात चांगलीच रुळली आहे. ते बिघडल्यावर काय करावे, याचे शिक्षण मात्र अद्याप अपुरे आहे. नवे यंत्र अडले की बहुतेक जण एक तर हताश होतात, नाहीतर सुचेल तो उपाय करून मूळ दोष अधिकच झाकून टाकतात. बिघाडाचे निदान ही नशिबाची किंवा विशेष प्रतिभेची बाब नाही. ती क्रमाने चालणारी आणि कोणालाही शिकता येणारी पद्धत आहे.

वर्कस्टेशन म्हणजे काय?

वर्कस्टेशन लॅपटॉप हा बाह्यतः साध्या लॅपटॉपसारखाच दिसतो. परंतु तो दीर्घकाळ चालणाऱ्या अवजड कामासाठी बांधलेला असतो. इमारतींचे व यंत्रभागांचे आरेखन, खाणींचे त्रिमितीय नियोजन, उपग्रह चित्रांचे विश्लेषण, भौगोलिक माहिती प्रणाली, चित्रफितींचे संपादन ही त्याची क्षेत्रे होत. त्यात मुख्य प्रोसेसरखेरीज स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसर असतो. काही नमुन्यांत स्मृतीतील किरकोळ चुका आपोआप दुरुस्त करणारी विशेष रॅम असते. आरेखनाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्या ठरावीक वर्कस्टेशनवर आपले सॉफ्टवेअर तपासून त्यास प्रमाणित करतात.

ही वैशिष्ट्ये जितकी उपयुक्त, तितकीच नव्या प्रकारच्या अडचणींना जन्म देणारी आहेत. अधिक शक्ती म्हणजे अधिक वीज आणि अधिक उष्णता. दोन ग्राफिक्स व्यवस्था म्हणजे कोणते काम कोणाकडे जाईल, याचा संभ्रम. या यंत्रांच्या अनेक तक्रारी त्यातूनच उद्भवतात.

नवे यंत्र का बिघडते?

नवी वस्तू बिघडणार नाही, असा सर्वसाधारण समज असतो. विश्वसनीयतेचे शास्त्र वेगळे सांगते. यंत्राच्या आयुष्यातील बिघाडांचे प्रमाण आलेखावर मांडले, तर न्हाणीतल्या टबाच्या छेदासारखी आकृती तयार होते. आरंभी बिघाड अधिक, मध्ये दीर्घकाळ कमी आणि अखेरीस झीज झाल्यामुळे पुन्हा अधिक. निर्मितीतील उणिवा, सैल राहिलेली जोडणी, सदोष चिप अथवा वाहतुकीतील धक्का यांचे परिणाम सुरुवातीच्या काही आठवड्यांतच उघड होतात.

याखेरीज नव्या यंत्राचे सॉफ्टवेअरही अपरिपक्व असू शकते. कारखान्यातून निघाल्यापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत अनेक महिने लोटलेले असतात. त्या काळात आलेल्या सुधारणा पहिल्याच दिवशी एकदम दाखल होऊ लागतात आणि यंत्र तासन्‌तास मंद चालते. हा बिघाड नव्हे. पहिले एक-दोन दिवस सुधारणा पूर्ण होऊ द्याव्यात आणि नंतरच यंत्राविषयी मत बनवावे.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, नवे यंत्र कपाटात जपून ठेवण्यापेक्षा पहिल्या काही आठवड्यांत त्यावर भरपूर काम करून घेणे हिताचे. जो दोष हमीच्या काळात बाहेर येतो, त्याचा खर्च ग्राहकावर पडत नाही.

पहिल्या दिवसाची तयारी

निदानाची सुरुवात बिघाड होण्यापूर्वीच करावी लागते. खोके उघडताना अनुक्रमांक, पावती आणि हमीपत्र जुळवून पाहावे व त्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये आणि अन्य एका ठिकाणी ठेवावीत. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून हमी कोणत्या दिनांकापासून सुरू झाली, हे तपासावे. विक्रेत्याकडे यंत्र बराच काळ पडून असल्यास हमीची गणना खरेदीपूर्वीच सुरू झालेली आढळू शकते. अशा वेळी पावतीच्या आधारे तारीख लगेच दुरुस्त करून घ्यावी.

त्यानंतर मागणीप्रमाणे रॅम, साठवणक्षमता आणि ग्राफिक्स प्रोसेसर मिळाले आहेत काय, याची यंत्रातील माहितीवरून खातरजमा करावी. एका पेनड्राइव्हवर पुनर्प्राप्तीची व्यवस्था करून ठेवावी, म्हणजे यंत्र सुरूच झाले नाही तरी दुरुस्तीचा मार्ग खुला राहतो.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे सांकेतिक कुलपाची किल्ली. अलीकडील अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरील माहिती आपोआप कूटबद्ध होते. मदरबोर्ड बदलला अथवा मूलभूत मांडणीत फेरफार झाला, तर यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. ती जवळ नसेल, तर निर्दोष डिस्कवरील माहितीही कायमची बंद होते. ही किल्ली पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून घेणे हा काही मिनिटांचा, परंतु वर्षांचे काम वाचवणारा उपाय आहे.

निदानाचे सूत्र : एका वेळी एकच बदल

समजा, रायपुरातील एका तरुण आरेखिकेने स्वयंरोजगारासाठी कर्ज काढून वर्कस्टेशन लॅपटॉप घेतला. आठवड्याभरात तो काम करता करता अचानक बंद पडू लागला. नकाशे सादर करण्याची मुदत दोन दिवसांवर आहे. अशा वेळी घाईने ऑपरेटिंग सिस्टम नव्याने टाकणे, चार ड्रायव्हर एकदम बदलणे आणि सोबत रॅमही काढून बसवणे, असे सर्व उपाय एकाच दुपारी होतात. त्यानंतर यंत्र सुधारले, तरी कशामुळे सुधारले हे कळत नाही आणि बिघडलेच, तर नवा दोष कोणता व जुना कोणता, हेही कळत नाही.

म्हणून पहिले काम माहितीचा बॅकअप घेणे. दुसरे काम नोंद ठेवणे : बिघाड केव्हा झाला, त्या वेळी कोणते सॉफ्टवेअर चालू होते, यंत्र विजेवर होते की बॅटरीवर, पडद्यावर कोणता संदेश आला. यंत्र कोसळताना दिसणाऱ्या निळ्या पडद्यावर, जो विंडोजच्या अलीकडील आवृत्तीत काळा झाला आहे, एक सांकेतिक शब्द असतो. त्याचे छायाचित्र घ्यावे. तिसरे काम दोष पुन्हा घडवून पाहणे. ठरावीक कृती केल्यावर दोष दर वेळी दिसत असेल, तर निम्मे निदान झाले असे समजावे.

यानंतर विभागणी. बाहेरच्या वस्तूंपासून आत जावे : भिंतीवरील सॉकेट, अ‍ॅडॅप्टर, केबल, डॉक, बाह्य पडदा, मग यंत्र. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम लिहून ठेवावा. हार्डवेअर व सॉफ्टवेअर यांतील भेद ओळखण्यासाठी एक प्रभावी चाचणी आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून त्यावर तेवढेच जड काम करून पाहावे. तिथेही यंत्र बंद पडले, तर संशय हार्डवेअरवर जातो. तिथे ते तासन्‌तास व्यवस्थित चालले, तर मूळ ऑपरेटिंग सिस्टम अथवा ड्रायव्हर तपासावा. मात्र अगदी नव्या यंत्राचे वायफाय किंवा ग्राफिक्स लिनक्सला ओळखता आले नाही, एवढ्यावरून ते भाग सदोष ठरत नाहीत. तसेच अशी चाचणी करताना मूलभूत मांडणी बदलावी लागल्यास वर सांगितलेली ४८ अंकी किल्ली हाताशी हवी.

वीज, उष्णता आणि धूळ

यंत्र प्रयोगशाळेत चालत नाही. ते एका विशिष्ट हवामानात आणि विशिष्ट वीजपुरवठ्यावर चालते. रायपूरचा उन्हाळा या दृष्टीने कठोर आहे. मे महिन्यात पारा काही दिवस ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. बहुतेक लॅपटॉपच्या तांत्रिक पत्रकात मात्र कार्यकाळातील तापमानाची मर्यादा ३५ अंश नोंदवलेली असते. पंख्याखालच्या खोलीत दुपारी जड काम लावले, तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग घटवतो. हे यंत्राचे आत्मसंरक्षण आहे. तापमान आणखी वाढले, तर यंत्र स्वतःहून बंद होते. सकाळी नीट चालणारे काम दुपारी अडत असेल, तर दोष शोधण्यापूर्वी घड्याळ आणि तापमापक पाहावा.

यंत्र गादीवर किंवा उशीवर ठेवल्यास खालच्या हवेच्या वाटा बंद होतात. टणक व किंचित उंच पृष्ठभाग हा सर्वांत स्वस्त उपाय होय. उरला, सिलतरा यांसारख्या औद्योगिक परिसरांत स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे काळी धूळ मोठ्या प्रमाणावर असते. भातगिरण्यांच्या आसपास कोंड्याची धूळ असते. लोह व कोळशाचा अंश असलेली धूळ विद्युत्‌वाहक असल्याने ती अधिक त्रासदायक. अशा ठिकाणी पंख्याच्या जाळ्या नियमित स्वच्छ कराव्यात; मात्र हमीच्या काळात यंत्र उघडण्याचे काम अधिकृत केंद्राकडूनच करून घ्यावे. पावसाळ्यात थंड खोलीतून एकदम दमट हवेत आणलेल्या यंत्रात बाष्प धरते. ते तासभर तसेच ठेवून मग सुरू करणे श्रेयस्कर.

विजेच्या बाबतीत तीन अनुभव वारंवार येतात. पहिला, यंत्र जोडलेले असूनही बॅटरी उतरते किंवा वेग निम्मा होतो. वर्कस्टेशनला १७० ते २३० वॅटचा अ‍ॅडॅप्टर लागू शकतो. त्याजागी घरातील ६५ वॅटचा चार्जर लावला, तर यंत्र चालते खरे, पण पूर्ण शक्तीने नव्हे. अ‍ॅडॅप्टरवरील आकडा वाचणे हेच येथे निदान. दुसरा, धातूच्या कडेला हात लागताच मुंग्या आल्यासारखे वाटते किंवा टचपॅडवरील बाण थरथरतो. याचे कारण बहुधा लॅपटॉपमध्ये नसून भिंतीत असते : सॉकेटला अर्थिंग नसते किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचे साधन जोडलेले असते. बॅटरीवर चालवताच लक्षण नाहीसे झाले, तर लॅपटॉप नव्हे, वीजतंत्री बोलवावा. तिसरा, यंत्र मुळीच सुरू होत नाही. अशा वेळी अ‍ॅडॅप्टर काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवल्यास अडकलेला विद्युत्‌भार निघून जातो आणि अनेकदा यंत्र पुन्हा सुरू होते.

स्मृती, डिस्क आणि पडदा

वर उल्लेखिलेल्या आरेखिकेच्या उदाहरणात अ‍ॅडॅप्टर योग्य आणि तापमान मर्यादेत असेल, तर पुढची पायरी म्हणजे अंतर्गत चाचण्या. बहुतेक वर्कस्टेशनमध्ये ऑपरेटिंग सिस्टम सुरू होण्यापूर्वीच चालवता येणारा निदान कार्यक्रम असतो. तो रॅम, डिस्क, पंखा आणि बॅटरी यांची तपासणी करून दोष आढळल्यास सांकेतिक क्रमांक देतो. हा क्रमांक सेवा केंद्राला सांगितल्यास “आधी सॉफ्टवेअर पुन्हा टाकून पाहा” हे उत्तर टळते आणि सुटा भाग लवकर मिळतो.

रॅमची चाचणी एकदाच न करता रात्रभर चालू ठेवावी. कारण अधूनमधून होणारी चूक थोड्या वेळात पकडली जात नाही. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे संदेश देऊन यंत्र कोसळणे हे सदोष रॅमचे परिचित लक्षण आहे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते; त्या नोंदीत धोक्याची सूचना दिसली, तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवून प्रथम माहिती अन्यत्र हलवावी.

पडदा अंधारलेला राहिल्यास बाह्य पडदा जोडून पाहावा. बाहेर चित्र दिसत असेल, तर ग्राफिक्स प्रोसेसर काम करीत आहे आणि दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या जोडणीत आहे. डॉकमार्फत जोडलेला मोठा पडदा लुकलुकत असेल, तर डॉक काढून थेट केबल लावावी. कमी क्षमतेची केबल हे त्याचे नेहमीचे कारण असते.

सॉफ्टवेअरचे दोष

भारी किमतीचे यंत्र घेऊनही आरेखनाचे सॉफ्टवेअर रखडत चालते, ही वर्कस्टेशनबाबतची नेहमीची तक्रार आहे. तिचे कारण बरेचदा असे असते की, वीज वाचवण्यासाठी यंत्र ते काम स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसरकडे न देता प्रोसेसरमधील साध्या ग्राफिक्सकडे सोपवते. मांडणीत त्या सॉफ्टवेअरसाठी उच्च क्षमतेचा पर्याय निवडला की फरक तत्काळ दिसतो. त्याचप्रमाणे सर्वांत नवा ड्रायव्हर हा सर्वांत योग्य असेलच असे नाही. व्यावसायिक कामासाठी सॉफ्टवेअर कंपनीने प्रमाणित केलेली आवृत्ती निवडावी. दोष एखाद्या अद्ययावतीकरणानंतर सुरू झाला असेल, तर पूर्वीच्या ड्रायव्हरकडे परत जाण्याची सोय वापरावी.

झाकण बंद करून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप बाहेर काढताना तापलेला आणि बॅटरी उतरलेली आढळते, ही आणखी एक तक्रार. अनेक नवे लॅपटॉप झाकणाखाली पूर्ण झोपत नाहीत. ते अर्धजागृत राहून संदेश व सुधारणा घेत राहतात. प्रवासापूर्वी यंत्र पूर्ण बंद करावे किंवा झाकण मिटल्यावर हायबरनेट होण्याची मांडणी करावी.

सॉफ्टवेअरमधील एक लहानशी चूक किती व्यापक ठरते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. हार्डवेअरमध्ये काहीही बिघडले नव्हते. अनेक ठिकाणी उपाय एवढाच होता : यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून एक सदोष फाइल काढून टाकणे. परंतु ज्या यंत्रांची डिस्क कूटबद्ध होती, तिथे ते करण्यासाठी पुनर्प्राप्ती किल्ली लागली. ती जपून ठेवण्याचे महत्त्व त्या दिवशी मोठमोठ्या संस्थांनाही उमगले.

सेफ मोड हे सामान्य वापरकर्त्याचेही साधन आहे. त्यात अत्यावश्यक ड्रायव्हरच चालू राहतात. तिथे दोष नाहीसा झाला, तर नंतर घातलेले सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर कारणीभूत मानून ते एकेक करून वगळावे. बायॉस अद्ययावत करताना मात्र बॅटरी पुरेशी भरलेली आणि अ‍ॅडॅप्टरही जोडलेला असावा. मध्येच वीज खंडित झाल्यास यंत्र सुरू न होण्याचा धोका असतो.

बिघाड नव्हे, लिपीची अडचण

नव्या यंत्रावर जुनी फाइल उघडताच देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी दिसते आणि फाइल खराब झाली, असे वाटते. हिंदी भाषक राज्यांतील कार्यालयांत अनेक वर्षे कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये काम चालले. मराठीतही श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींत मजकुराचे ढीग साठले आहेत. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की मूळचे रोमन संकेत उघडे पडतात. मजकूर शाबूत असतो. केवळ त्याचा पेहराव हरवलेला असतो.

तात्पुरता उपाय म्हणजे तो फॉन्ट नव्या यंत्रावर घालणे. कायमचा उपाय म्हणजे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. विशेषतः जमिनीच्या नोंदींतील नावे व आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. दोन पिढ्यांचा पत्रव्यवहार अथवा संस्थांची इतिवृत्ते जपणाऱ्या रायपुरातील मराठी कुटुंबांना आणि मंडळांनाही हे काम जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वीच करावे लागेल.

ग्राहकाचे हक्क

निदानाची लेखी नोंद केवळ दुरुस्तीसाठी उपयोगी पडते असे नाही, तर ती पुरावाही असते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष वस्तूबाबत तक्रार करता येते आणि ती ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाखल करता येते. त्यामुळे परगावच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या लॅपटॉपसाठी रायपूरच्या ग्राहकाला परगावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगाराद्वारे स्वतःच्या उपजीविकेसाठी ती घेणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. वर उल्लेखिलेली आरेखिका त्यात मोडते.

सेवा केंद्राचा दूरध्वनी क्रमांक हमीपत्रावरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधयंत्रावर सापडलेले बनावट क्रमांक फसवणुकीचे साधन बनले आहेत. अशी आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. यंत्र दुरुस्तीस देताना खासगी माहिती काढून ठेवावी, पासवर्ड देऊ नये आणि बाह्य स्थिती, अनुक्रमांक व तक्रार नमूद केलेली पोच घ्यावी. बदललेली बॅटरी कचऱ्यात न टाकता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार संकलन केंद्राकडेच सुपूर्द करावी. फुगलेली लिथियम बॅटरी आगीला निमंत्रण देते.

देखभाल हाही विकासाचाच भाग

व्यक्तीच्या बाबतीत जे खरे, तेच संस्थेच्या बाबतीतही खरे आहे. कार्यालये, पंचायती आणि महाविद्यालये संगणक खरेदी करतात तेव्हा निविदेत प्रोसेसरचा वेग बारकाईने नमूद होतो. दुरुस्तीस किती तासांत माणूस येईल, तोवर पर्यायी यंत्र मिळेल काय आणि दर दहा-वीस यंत्रांमागे एखादे राखीव असेल काय, हे प्रश्न मात्र मागे पडतात. प्रत्येक यंत्रासोबत तक्रारींची एक वही ठेवणे, बॅकअपची जबाबदारी नावानिशी सोपवणे आणि पुनर्प्राप्ती किल्ल्या कार्यालयाच्या तिजोरीत ठेवणे यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. त्यातून तयार होणाऱ्या तरुणांना तालुक्याच्या ठिकाणी काम मिळाले, तर दुरुस्तीसाठी राजधानीकडे पाहावे लागणार नाही आणि वापरातून बाद होणारी कितीतरी यंत्रे आणखी काही वर्षे चालतील.

धान खरेदी केंद्रांवर पोहोचलेल्या संगणकांपासून घ्यायचा धडा हाच आहे. ती यंत्रे काही अजोड नव्हती. वीज जाईल, जोडणी तुटेल, हे आधीच मान्य करून माहिती पुढे नेण्याची सोय कोणी तरी करून ठेवली होती, म्हणून शेतकऱ्याचा धनादेश थांबला नाही. आरेखिकेच्या टेबलावरील लॅपटॉपलाही तोच न्याय लागू आहे. घेतलेला बॅकअप, लिहून ठेवलेली किल्ली आणि एका वेळी एकच बदल करण्याचा संयम एवढी शिदोरी जवळ असेल, तर यंत्र बंद पडले तरी तिचे नकाशे मुदतीत पोहोचतील.